ओसरीवरचें नाटक आणि कवीचा राष्ट्रवाद

गेल्या दिवाळीच्या सुटींत घोडेगांवच्या आमच्या घराची ओसरी आठ दिवस मुलांच्या स्वाधीन होती. आमची नात नगरास महाविद्यालयांत शिकते. तिनें व तिच्या सहाध्यायांनीं रवीन्द्रनाथ ठाकुरांच्या प्रवासांवर तासाभराचें नाटक रचिलें होतें व त्याची तालीम येथें चाले. बाहेर रस्त्यानें कांद्याच्या गाड्या बाजाराकडे जात, आणि आंत सतरंजीवर कधीं मुंबई होई, कधीं जपान.

पहिला प्रवेश १८७८ सालचा. विलायतेस जाण्यापूर्वीं सतरा वर्षांचे रवीन्द्रनाथ मुंबईस डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर यांच्या घरीं राहिले, आणि डॉक्टरांची कन्या अन्नपूर्णा हिनें त्यांस इंग्रजी संभाषण शिकविलें. दुसरा प्रवेश १८८३ चा. वडील बंधु सत्येन्द्रनाथ कारवारास न्यायाधीश होते. तेथें समुद्रकांठीं कवीनें ‘प्रकृतीर प्रतिशोध’ हें नाटक लिहिलें. तिसऱ्यांत १९०४ सालची शिवाजी-उत्सवावरील कविता होती, आणि बंगाल्यांत वाढलेले महाराष्ट्रीय लेखक सखाराम गणेश देऊस्कर होते, ज्यांच्या पुस्तकाशीं तिचा संबंध आहे. त्यापाठोपाठ वंगभंगाच्या वेळचें १९०५ चें राखीबंधन आलें. आमचे थोरले बंधु, ज्यांस सारें घर दादा म्हणतें, खांबाला टेकून माना डोलवीत होते.

चौथ्या प्रवेशास मात्र ते उठून उभे राहिले. १९१६ सालीं कवि जपानास गेले. प्रथम त्यांचें मोठें स्वागत झालें. परंतु युरोपच्या सत्तालोभाचें अनुकरण करूं नका असें त्यांनीं भर सभेंत सांगतांच तें ओसरलें. तेथून ते अमेरिकेस गेले, आणि तेथेंहि त्यांनीं हाच विषय मांडिला. हीं व्याख्यानें १९१७ सालीं पुस्तकरूपानें निघालीं. “ज्यानें राष्ट्रगीत लिहिलें त्याच्या तोंडीं राष्ट्रवादाची निंदा? हा प्रवेश गाळा,” दादा म्हणाले. मुलें आमच्याकडे पाहूं लागलीं.

वाचकांपासून कां लपवावें? घरांत वडीलधाऱ्यांचा शब्द मोडूं नये म्हणून तो प्रवेश गाळावा, असेंच प्रथम आमच्याहि मनांत आलें. तेव्हां नात म्हणाली, “आजोबा, हा गाळला तर उरलेला कवि कोणाचा?” ह्या प्रश्नानें आम्हांस लाज वाटली. शाळेंत इतकीं वर्षें आम्हीं रवीन्द्रनाथांची जयंती केली. १९१३ चें नोबेल पारितोषिक व राष्ट्रगीत एवढें सांगून हार घातला आणि मुलांस घरीं सोडलें. कवीचें जें मत पचावयास कठीण, तें आम्हीं कधीं फळ्यावर येऊंच दिलें नाहीं.

त्या रात्रीं आम्ही दादांजवळ बसलों. कवीचा आक्षेप देशप्रेमावर नव्हता. माणसें, त्यांची भाषा, नद्या, सणवार ह्यांवरचें प्रेम निराळें. आणि सत्ता व लाभ ह्यांकरितां सबंध समाजास यंत्राप्रमाणें जुंपणें निराळें. ह्या दुसऱ्या गोष्टीस ते भीत. दादा क्षणभर गप्प राहिले, मग म्हणाले, “ज्याच्या हातीं राज्य आहे त्यास हें सांगणें ठीक. पण जो पारतंत्र्यांत आहे त्यास हें सांगणें म्हणजे त्याची काठी काढून घेणें नव्हे काय?”

हा प्रश्न खरा आहे, आणि त्याचें पुरतें उत्तर आम्हांस देतां आलें नाहीं. एवढेंच म्हणालों कीं, हा कवि दुर्बलांस उपदेश करून बलिष्ठांपुढें मुका राहिला नाहीं. जालियनवाला बागेच्या हत्याकांडानंतर १९१९ सालीं त्यांनीं ‘सर’ हा किताब सोडला. १९३८ सालीं जपानच्या चीनवरील स्वारीचें समर्थन करणारे जपानी कवि नोगुची ह्यांस त्यांनीं पत्रांतून स्पष्ट शब्दांत सुनावलें. बावीस वर्षांपूर्वीं जें भय त्यांनीं बोलून दाखविलें होतें तेंच डोळ्यांपुढें उभें राहिलें होतें.

दुसऱ्या दिवशीं मुलांनीं एक युक्ति काढिली. प्रवेश गाळला नाहीं. उलट प्रेक्षकांतून एक म्हातारे गृहस्थ उठतात व दादांचाच प्रश्न कवीस विचारतात, असें घातलें. कवि थोडा वेळ निरुत्तर राहतो, मग आपलें म्हणणें सांगतो, आणि म्हातारा ‘पटलें’ असें म्हणत नाहीं. त्या म्हाताऱ्याचीं वाक्यें दादांनीं स्वतः बसून दुरुस्त करून दिलीं. त्यांचें मत पालटलें नाहीं. पण तालमीस ते रोज वेळेवर येऊन बसूं लागले.

आमचें गांव नेवासें तालुक्यांतलें. शके १२१२ मध्यें त्याच नेवाशास ज्ञानेश्वरांनीं ग्रंथ पुरा केला, आणि शेवटीं मागणें मागितलें तें एका गांवाकरितां किंवा एका कुळाकरितां नव्हे, सर्व विश्वाकरितां. ह्यामुळें त्यांची मराठी कांहीं उणी झाली नाहीं. घरोघरच्या वडील मंडळींस आमची विनंती एवढीच कीं, मुलें असा एखादा अवघड प्रवेश घेऊन ओसरीवर आलीं तर त्यांस गप्प बसवूं नये. आपला आक्षेप जरूर सांगावा, आणि त्यासहि त्या नाटकांत जागा मागावी.