वाद टिपायचा कसा?

संघर्ष-व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी प्रबंधासाठी दूरचे युद्धच शोधायला हवे असे नाही. उल्हासनगर कॅम्प २ मधल्या गल्ल्या पुरेशा आहेत. इथली लष्करी छावणी फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची वसाहत झाली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. पुढे बराकींच्या जागी इमारती उठल्या, बेकायदा बांधकामांचा वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला आणि २००६ मध्ये राज्याने खास या शहरासाठी नियमितीकरणाचा कायदा केला.

‘बेकायदा बांधकामे’ हा नुसता विषय झाला. ‘कायदा होऊनही वाद का मिटला नाही?’ हा संशोधनाचा प्रश्न. उत्तरासाठी आधी कागद वाचावेत: सनदा, नगर भूमापनाच्या नोंदी, पालिकेच्या नोटिसा, निकालपत्रे. मग माणसांकडे जावे.

मुलाखतीत फिशर आणि युरी यांनी १९८१ च्या ‘गेटिंग टू यस’ या पुस्तकात मांडलेला भूमिका आणि हित यांतला भेद फार उपयोगी पडतो. ‘इमारत पाडू देणार नाही’ ही भूमिका. खाली दुकान, वर घर आणि दोन्ही एकदम जाण्याची भीती हे तिच्यामागचे हित. ‘पाडू देणार नसाल तर काय हवं?’ असे विचारल्याशिवाय ते कळत नाही. भाडेकरूंनाही विचारावे, ते बहुतेकदा नजरेतून सुटतात.

लिहिताना ओळख लपवायला नुसते नाव बदलणे पुरत नाही. बाजारपेठेत दुकानाचा माल आणि मजला सांगितला, की माणूस ओळखू येतो. शब्दही जपून निवडावेत: पालिका ‘सांगते’ आणि रहिवासी ‘कांगावा करतात’ असे लिहिले, तर अभ्यासकाने बाजू घेतलीच.