पहिला विषारी सर्प कोणता?

विषारी सर्प पाळण्याची लहर आपल्याकडे कोणास आली, तर घरचीं माणसें त्यास वेड्यांत काढतील, आणि कायदाहि त्यांच्याच बाजूचा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें नाग, घोणस यांसारखे सर्प घरीं बाळगण्यास मनाई आहे. अमेरिकेच्या कांहीं राज्यांत मात्र परवाना काढून असे सर्प ठेवतां येतात. फ्लॉरिडांत त्यासाठीं अगोदर १००० तासांचा अनुभव दाखवावा लागतो. तेथें नवशिक्यापुढें प्रश्न उभा राहतो, कीं आरंभ कोणत्या सर्पानें करावा?

सर्पाच्या रूपावर भुलून किंवा तो लहान आहे एवढेंच पाहून केलेली निवड घातक ठरते. १९५७ सालीं शिकागो येथें कार्ल श्मिट या नामांकित सर्पशास्त्रज्ञांकडे ओळख पटविण्यासाठीं एक लहानसा आफ्रिकी सर्प आला. तो बूमस्लँग जातीचा होता. त्याचा एकच दांत अंगठ्यांत रुतला. दंश किरकोळ समजून श्मिट रुग्णालयांत न जातां लक्षणें टिपीत राहिले, आणि दुसऱ्या दिवशीं त्यांचा अंत झाला. एवढ्या जाणत्याचा अंदाज जेथें चुकला, तेथें नवशिक्यानें आपल्या अंदाजावर काय म्हणून विसंबावें?

म्हणून पहिली कसोटी लशीची. विषावरील लस सर्व सर्पांना सारखी लागू पडत नाहीं. भारतांत घोड्यांच्या रक्तापासून तयार होणारी लस नाग, मण्यार, घोणस व फुरसें यांच्या विषासाठीं असते. परदेशी सर्प दंश करील तर तिचा भरंवसा धरतां येत नाहीं. ज्याची लस जवळच्या रुग्णालयांत नाहीं, तो सर्प घरीं आणूं नये.

दुसरी कसोटी चालीची. नाग चपळ व सदा सावध. आंकडीवर तो स्थिर राहत नाहीं. उलट अमेरिकेंतील कॉपरहेड हा तांबूस डोक्याचा, जाडसर अंगाचा सर्प भक्ष्याची वाट पाहत एका जागीं पडून राहतो आणि आंकडीवर सहसा नीट तोलला जातो. त्याच्या दंशानें मृत्यु क्वचितच येतो, आणि त्याच्या विषावरील लस त्या देशांत मिळते. यामुळें नवशिक्यांना पुष्कळदां त्याचेंच नांव सुचविलें जातें. तथापि तो निरुपद्रवी मुळींच नव्हे. डिवचल्यास तो क्षणार्धांत दंश करतो. हात सुजून असह्य वेदना होतात आणि कधीं बोट कायमचें अधू होतें.

तिसरी कसोटी पाळणाऱ्याची. पेटीस कुलूप हवें, तीवर सर्पाचें नांव हवें. आंत लपण्याची डबी अशी असावी, कीं सर्प तींत शिरल्यावर लांब आंकडीनें तिचें दार लावतां यावें, म्हणजे सफाईच्या वेळीं हात व सर्प यांची गांठ पडत नाहीं. जवळ दुसरें माणूस असल्यावांचून पेटी उघडूं नये. ही शिस्त बिनविषारी सर्पावर वर्षभर ज्याच्यानें पाळवली नाहीं, त्याच्यासाठीं पहिला विषारी सर्प अद्याप कोणताच नाहीं.