विश्लेषण : नाव एकच, यंत्रे वेगळी… कोणत्या ‘प्लेस्टेशन ३’वर जुने खेळ चालतात?

सोनीचा ‘प्लेस्टेशन ३’ आता जुन्या बाजारातच शोधावा लागतो. ‘प्लेस्टेशन २’च्या डिस्क त्यावर चालतील या भरवशावर तो घेणाऱ्याची मात्र फसगत होऊ शकते. कारण या एकाच नावाखाली आतून बरीच वेगळी असलेली यंत्रे विकली गेली.

सुरुवातीला काय होते?

नोव्हेंबर २००६ मध्ये जपान आणि अमेरिकेत २० व ६० जीबी अशी दोन मॉडेल आली. दोन्हींच्या बोर्डवर ‘प्लेस्टेशन २’चा प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप प्रत्यक्ष बसवलेली होती. नव्या यंत्राच्या पोटात जुने यंत्रच म्हणा ना! त्यामुळे बहुतेक जुने खेळ विनातक्रार चालत.

मग बदल का केला?

खर्चामुळे. ६० जीबीची किंमत अमेरिकेत ५९९ डॉलर होती, तरीही सोनीला ते तोट्यातच विकावे लागत होते. मार्च २००७ मध्ये युरोपात आलेल्या यंत्रातून जुना प्रोसेसर गेला. त्याचे काम सॉफ्टवेअरवर सोपवले, ग्राफिक्स चिप तेवढी राहिली. अमेरिकेतील पहिले ८० जीबी मॉडेलही असेच, आणि त्यावर काही खेळ अडखळू लागले. वर्षअखेरीच्या ४० जीबी मॉडेलमधून ती चिपही गेली, यूएसबी पोर्ट चाराचे दोन झाले. २००९ चे ‘स्लिम’ आणि २०१२ चे ‘सुपर स्लिम’ यांतही ही सोय परतली नाही. त्याहून जुन्या, पहिल्या प्लेस्टेशनच्या डिस्क मात्र सगळ्या मॉडेलवर चालतात!

ओळखायचे कसे?

हार्ड डिस्कच्या आकारावर जाऊ नये. ती बदलता येते, शिवाय नंतरच्या ८० जीबी मॉडेलमध्ये जुनी चिप नाहीच. यंत्राच्या लेबलवरील मॉडेल क्रमांक पाहावा. ‘सीईसीएच’नंतर ए किंवा बी असेल तर दोन्ही चिप आहेत, सी किंवा ई असेल तर एकच. जी आणि त्यापुढचे अक्षर, किंवा थेट आकडा असेल, तर एकही नाही.

पहिलेच मॉडेल घ्यावे का?

जपूनच. त्यातील ९० नॅनोमीटरच्या चिप वीज जास्त खातात, तापतात. पिवळा दिवा लागून यंत्र बंद पडण्याचा विकार याच पिढीत कुप्रसिद्ध आहे. ‘स्लिम’मधील मुख्य प्रोसेसर ४५ नॅनोमीटरचा असल्याने ते थंड चालते. त्यातच ‘प्लेस्टेशन २’च्या डिस्कना विभागाचे कुलूप असते : अमेरिकेतून आणलेल्या यंत्रावर युरोपीय विभागाची डिस्क चालत नाही.