‘क्लास’ : वर्ग, श्रेणी आणि जात

आपल्या बोलण्यात काही शब्द इतके मुरले आहेत की त्यांच्यापाशी थांबावे असे कुणाला वाटत नाही. ‘क्लास’ हा त्यांतलाच एक. पोरगा क्लासला गेला, पोरगी फर्स्ट क्लासमध्ये पास झाली, भाऊ क्लास फोरमध्ये लागला, चहा एकदम क्लास होता, अमका माणूस थर्डक्लास आहे, ही वाक्ये शेगावच्या बाजारात कुणीही दिवसभरात ऐकावीत. संध्याकाळी अभ्यासमंडळात बसले की तोच शब्द मराठी पेहराव घालून येतो : वर्गसंघर्ष, वर्गजाणीव, मागासवर्ग. एका शब्दाला अनेक अर्थ असणे हा काही गुन्हा नव्हे. पण एका अर्थाच्या आडून दुसरा अर्थ आत शिरतो आणि बोलणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही, तेव्हा त्या शब्दाची झाडाझडती घेणे चळवळीचे काम ठरते.

शब्द मूळचा रोमचा. लॅटिनमध्ये तो ‘क्लासिस’. सर्व्हियस तुलियस ह्या राजाने नागरिकांची मालमत्ता मोजून त्यांचे पाच क्लास पाडले, असे रोमन परंपरा सांगते. ज्याची जशी मत्ता तसे त्याचे सैन्यातले शस्त्र, तसे त्याच्या मताचे वजन. ज्यांच्याजवळ काहीच नव्हते ते ह्या पाचांच्या खाली राहिले. राज्याला त्यांचा उपयोग पोरे जन्माला घालण्यापुरता, म्हणून संततीवाचक शब्दावरून त्यांना नाव पडले. आज आपण ज्याला ‘प्रोलेतारिएत’ म्हणतो तो शब्द तिथून आला. पाच क्लास आणि त्यांच्या खालचे लोक, हे वाचताना चार वर्ण आणि त्यांच्या बाहेरचे लोक आठवल्याशिवाय राहत नाहीत. फरक मात्र मूलभूत आहे. रोमची मोजणी मालमत्तेची होती. मालमत्ता वाढली तर माणूस वर चढू शकत होता आणि गेली तर खाली येत होता. आपल्याकडची मोजणी जन्माची. जन्म वाढत नाही आणि विकताही येत नाही.

मराठीने ‘क्लास’साठी ‘वर्ग’ हा संस्कृत शब्द घेतला. त्याचा धातू ‘वृज्’. ‘वर्ज्य’ आणि ‘वर्जन’ हे शब्दही त्याच धातूचे. म्हणजे गट करणे आणि वगळणे ह्या दोन क्रिया ह्या शब्दाच्या पोटात आधीपासून शेजारी शेजारी बसल्या आहेत.

आता शेगावच्या स्टेशनावर येऊ. मुंबईहून भुसावळमार्गे नागपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचे हे स्टेशन. हा मार्ग १८६७ मध्ये नागपूरला पोचला. वऱ्हाडचा कापूस बंदराकडे नेणे हे त्याचे एक मोठे कारण. पण कापसाबरोबर माणसेही बसली, आणि रेल्वेने माणसांची नवी वाटणी केली : पहिला वर्ग, दुसरा वर्ग, तिसरा वर्ग. ह्या वाटणीत अन्याय होताच. तिसऱ्या वर्गाच्या फळ्या, गर्दी आणि घाण आपल्या आजोबा-पणजोबांनी सोसली. तरीही तिकिटाच्या खिडकीवर जे विचारले जात होते ते गावाच्या विहिरीवर विचारले जात नव्हते. खिडकी पैसे विचारते. विहीर जात विचारत होती. पैसे साठवून कुणीही वरच्या वर्गाचे तिकीट काढू शकत होता. कितीही पैसे साठवले तरी विहिरीचे तिकीट मिळत नव्हते. वर्ग आणि जात ह्यांतला भेद विद्यार्थ्याला समजावायचा असेल, तर ह्याहून सोपे उदाहरण मला सुचत नाही.

रेल्वेने १९७४ मध्ये तिसरा वर्ग बंद केला. म्हणजे काय केले? तिसऱ्याचे नाव दुसरा झाले, फळ्या लाकडीच राहिल्या. पुढे १९७७ ते १९७९ ह्या काळात मधु दंडवते रेल्वेमंत्री असताना दुसऱ्या वर्गाच्या शयनयानातल्या त्या फळ्यांवर फोमची गादी येऊ लागली. नाव बदलणे एका हुकुमाचे काम, फळी बदलणे वेगळे काम, हा धडा इथे ध्यानात ठेवावा. आणखी एक गोष्ट. डबा गेला, पण ‘थर्डक्लास’ ही शिवी गेली नाही. जो वर्ग रुळांवर उरला नाही तो तोंडात उरला. गरिबाच्या बसण्याची जागा त्याच्या लायकीचे माप कशी होते, हे ह्या एका शिवीत दिसते.

परंतु रेल्वेतही वर्ग एकटा नव्हता, हे बाबासाहेबांनी दाखवून दिले. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला जी. आय. पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. मनमाड आपल्याच लोहमार्गावरचे जंक्शन. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, अशी मांडणी त्यांनी तिथे केली. अस्पृश्य कामगार आयुष्यभर गँगमनच राहतो. पोर्टरची जागाही त्याला मिळत नाही, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचेही काम सांगितले जाते, हे त्यांनी उघड केले. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खाते त्याला बंद होते, कारण तुटलेला धागा तोंडाने ओला करावा लागे. कामगार म्हणून दोघे एका वर्गाचे, पण एकाच्या थुंकीने दुसरा बाटत होता. नुसता ‘वर्ग’ हा शब्द ह्या ठिकाणी अपुरा पडतो. अपुरा म्हणजे खोटा नव्हे. त्याच बाबासाहेबांनी १९३६ मध्ये पक्ष काढला तेव्हा त्याला स्वतंत्र मजूर पक्ष असे नाव दिले, हे विसरून चालणार नाही.

ह्या दोन शब्दांचे नाते त्यांनी फार आधी सांगून ठेवले होते. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात त्यांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. त्याचा आशय असा : समाजात वर्ग सर्वत्र असतात. एखादा वर्ग आपल्यातच लग्ने करण्याचा नियम करून स्वतःभोवती कुंपण घालतो, तेव्हा तो जात होतो. पहिले दार पुरोहित वर्गाने लावून घेतले. इतरांपैकी काहींनी त्याचे अनुकरण केले आणि काहींवर बाहेरून दार लावले गेले. म्हणजे जात ही वर्गाहून अगदी वेगळी वस्तू नाही. ती दार बंद झालेला वर्ग आहे. ‘आधी वर्ग की आधी जात’ हा १९७४ मध्ये दलित पँथरच्या फुटीच्या वेळी पेटलेला वाद आणि १९७८ मध्ये शरद पाटलांनी सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढून दोन्हींच्या अंताचा मांडलेला विचार, दोन्ही वाचताना हा निबंध हाताशी असावा.

सरकारी कागदांत आपली नावे कशी बदलली तेही पाहा. इंग्रज अमदानीत आपण ‘डिप्रेस्ड क्लासेस’ होतो, म्हणजे दबलेले वर्ग. कुणी दाबले, हे त्या नावात नाही. गोलमेज परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी ह्या नावाला हरकत घेतली. १९३५ च्या कायद्याने ‘शेड्यूल्ड कास्ट्स’ हा शब्द आणला. जुलै १९४२ मध्ये नागपूरला परिषद भरली ती ‘डिप्रेस्ड क्लासेस’ची, आणि तिथून उठली ती शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन. संविधानात मात्र दोन्ही शब्द राहिले : अनुसूचित ‘जाती’ आणि मागास ‘वर्ग’. मागास वर्ग जातीवरून ओळखावा काय, ह्यावर न्यायालयांत अनेक वर्षे वाद झाला. १९९२ च्या इंद्रा साहनी निकालाने एखादी जात सामाजिकदृष्ट्या मागास असेल तर ती वर्ग ठरू शकते हे मान्य केले. बाजारातल्या भाषेने तो प्रश्न केव्हाच आपल्या पद्धतीने सोडवला होता. ‘मागासवर्गीय’ म्हणजे जात, हे सगळ्यांना कळत होते. आता त्या जागी ‘तुमची कॅटेगरी कोणती?’ हा प्रश्न आला आहे. शब्द सभ्य झाला, प्रश्न जुनाच राहिला.

नोकरीतल्या ‘क्लास फोर’चेही तेच. ती पगाराची पायरी आहे आणि तिचे नाव पुढे ‘गट ड’ झाले. पण सफाईचे काम पिढ्यान्‌पिढ्या ठरावीक जातींकडेच राहिले. लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळते. तो त्या घराचा आधार आहे, त्यावर कुणी गदा आणू नये. परंतु बापाचा झाडू मुलाकडे जातो तेव्हा पगाराची श्रेणी जन्माची होते, हेही बोलले पाहिजे.

तलाठ्याकडून सातबारा काढला की तिथेही वर्ग भेटतो : भोगवटादार वर्ग १ आणि वर्ग २. १९६६ च्या जमीन महसूल संहितेतली ही भाषा. पहिल्याला जमीन हस्तांतरित करण्यावर बंधन नाही, दुसऱ्याला आहे. सरकारने भूमिहीनांना दिलेल्या जमिनी बहुधा ह्या दुसऱ्या वर्गात असतात. हे बंधन सावकारापासून राखण करते, हे खरेच. पण त्याच बंधनामुळे अडचणीच्या वेळी परवानगीसाठी कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. कार्यकर्त्याने सातबाऱ्यावरचा हा आकडा आधी वाचावा. आपल्या माणसांच्या पोटाशी सर्वांत जवळचा ‘क्लास’ हाच आहे.

शेवटी साहित्याकडे. ‘क्लासिकल’ हा शब्दही रोमच्या त्याच मोजणीतून निघाला. वरच्या क्लासचा करदाता, त्यावरून वरच्या दर्जाचा लेखक. मराठीत त्याला आपण ‘अभिजात’ म्हणतो, आणि अभिजात म्हणजे कुलीन, चांगल्या कुळात जन्मलेला. रोमने पैशावरून साहित्याला नाव दिले, आपण ते जन्मावर नेऊन ठेवले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचा आनंद आपलाही आहे. ही भाषा जात्यावर, मोटेवर आणि मोर्च्यात आपल्या माणसांनीही राखली. पण साहित्याचा कस जन्माने लागत नाही, हे दलित साहित्य अनेक दशके सांगत आले आहे, आणि त्याच भाषेच्या गौरवाचा शब्द जन्माचा आहे.

तेव्हा शिक्षकांनी आणि कार्यकर्त्यांनी एक सवय लावून घ्यावी. ‘क्लास’, ‘वर्ग’, ‘श्रेणी’, ‘गट’ ह्यांपैकी कोणताही शब्द समोर आला की विचारावे : ह्यातून माणसाला बाहेर पडता येते काय? येत असेल तर तो वर्ग आहे. त्याच्या लढ्याचे हत्यार मजुरी, जमीन आणि संघटना. येत नसेल तर नाव काहीही असो, ती जात आहे, आणि तिथे आधी दार फोडावे लागेल. बहुतेक ठिकाणी दोन्ही एकत्रच सापडतील. मग दोन्ही कामे एकत्रच करावी लागतील.