नगरहून लेण्याद्रीच्या गणपतीला जाताय? तुम्ही दर्शन घेता ते बौद्ध विहारात

अष्टविनायकांतला एक गणपती अहिल्यानगर जिल्ह्यातच आहे, कर्जत तालुक्यातल्या सिद्धटेकला. त्यामुळे नगरकरांची अष्टविनायक यात्रा बऱ्याचदा तिथूनच सुरू होते आणि पुढं जुन्नरजवळच्या लेण्याद्रीला जाते. तिथं तीनशेच्या आसपास पायऱ्या चढायच्या, धापा टाकत गिरिजात्मजासमोर हात जोडायचे, दोन फोटो काढायचे आणि खाली यायचं.

पण ज्या प्रशस्त दालनात आपण रांगेत उभे राहतो, ते मुळात मंदिर म्हणून कोरलेलंच नव्हतं. तो बौद्ध भिक्खूंचा विहार आहे. साधारण अठराशे वर्षांपूर्वीचा.

पुढच्या वेळी गेलात तर मूर्तीकडं जाण्याआधी एकदा भिंतींकडं बघा. एवढं मोठं दालन, पण मधे एकही खांब नाही. तिन्ही बाजूंना छोट्या छोट्या खोल्या आहेत, एकूण वीस. या भिक्खूंच्या राहायच्या खोल्या. पावसाळ्यात भिक्खूंनी फिरती थांबवून एका जागी राहायचं, असा नियम होता. त्याला वर्षावास म्हणतात. सह्याद्रीतला पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना कातळातल्या या खोल्यांचं मोल वेगळं सांगायला नको. मागच्या भिंतीतल्या मधल्या दोन खोल्यांच्या जागी आज गणपतीचा गाभारा आहे. म्हणजे गणपती नंतर आला, लेणं आधीचं. त्या डोंगराचं नावच लेण्याद्री, लेण्यांचा डोंगर!

मंदिर आहे ते लेणं क्रमांक 7. त्याला लागूनच क्रमांक 6 आहे आणि बहुतेक भाविक तिथं डोकावतही नाहीत. खरं तर बघण्यासारखं तेच आहे. ते चैत्यगृह, म्हणजे प्रार्थनेची जागा. आत दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा, टोकाला अखंड दगडातला स्तूप आणि वर लाकडी घरासारखे वासे, तेही दगडातच कोरलेले. व्हरांड्यातल्या खांबांवर हत्ती-वाघांसारखे प्राणी बसलेत. हे चैत्यगृह कुणी दिलं तेही तिथंच कोरलंय: कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत. हेरणिक म्हणजे सोनार किंवा सोन्याचा व्यवहार करणारा.

मग एवढं सगळं असून लोकांना हे बौद्ध लेणं आहे हे कळत का नाही? कारण बुद्धाची मूर्तीच दिसत नाही. अजिंठा-वेरूळला बुद्ध समोर बसलेला असतो, ओळख पटते. जुन्नरची लेणी त्याआधीच्या परंपरेतली. तेव्हा इथं पूजा व्हायची ती स्तूपाची. त्यामुळे मूर्ती नाही म्हणजे रिकामी गुहा, आणि रिकामी गुहा म्हणजे पांडवांनी एका रात्रीत खोदलेली, असा आपला ठरलेला हिशेब. महाराष्ट्रातल्या निम्म्या लेण्यांना पांडवांचं नाव असंच चिकटलं असावं.

लेण्याद्रीचा डोंगर हा तर फक्त एक गट. जुन्नरच्या भोवती तुळजा लेणी, मानमोडीचा डोंगर आणि शिवनेरीचे कडे मिळून दोनशेहून जास्त खोदकामं आहेत. हो, शिवरायांचा जन्म झाला त्या शिवनेरीच्या पोटातही बौद्ध लेणी आहेत.

जुन्नरलाच इतकी का? तर पैसा. कोकणातल्या बंदरांवरून आलेला माल नाणेघाट चढून जुन्नरला यायचा आणि पुढं सातवाहनांच्या पैठणकडं जायचा. मधला मुलूख म्हणजे आजचा अहिल्यानगर जिल्हा. नेवाशाला डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलियांनी 1954 पासून उत्खनन केलं, तेव्हा सातवाहन काळाच्या थरात रोमन बनावटीच्या मद्यकुंभांचे तुकडे मिळाले. व्यापारी मार्गावरचा भिक्खूसंघ व्यापाऱ्यांच्या दानावर चालायचा, आणि दान देणारे फक्त राजे नव्हते. जुन्नरच्या शिलालेखांत धान्य व्यापाऱ्यांची श्रेणी आहे, बांबूकाम करणारे आहेत, कासार आहेत. इरिल आणि चिट नावाचे यवन, म्हणजे परदेशी, आहेत. एकानं दोन पाण्याची टाकी दिली, दुसऱ्यानं संघाला भोजनमंडप. मानमोडीला क्षत्रप राजा नहपानाचा अमात्य अयम याचं दान आहे, त्यात वर्ष 46 असं लिहिलंय. ते शक धरलं तर इसवी सन 124 येतं. टाक्यासाठी या लेखांत ‘पोढी’ हा शब्द येतो आणि सह्याद्रीत भटकणारी मंडळी आजही तोच शब्द वापरतात.

नगरहून जाताना कल्याण रस्त्यानंच जायचं असल्यानं एक थांबा फुकट मिळतो, पारनेर तालुक्यातलं टाकळी ढोकेश्वर. इथलं लेणंही जुनं आहे, साधारण सहाव्या शतकातलं, पण ते शैव. आत शिवलिंग, सप्तमातृका, दारावर गंगा-यमुना. सोशल मीडियावर प्रत्येक लेण्याला कधी पांडवांचं तर कधी बौद्ध ठरवण्याची घाई असते. त्यांनी आधी ढोकेश्वर आणि मग लेण्याद्री एकाच दिवशी बघावं. शिवलिंगाभोवती रचलेलं लेणं आणि स्तूपाभोवती रचलेलं लेणं यांतला फरक डोळ्यांनाच कळतो.

आळेफाट्यापुढं ओतूर किंवा नारायणगावमार्गे जुन्नर गाठता येतं. लेण्याद्रीची लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात असल्यानं तिकीट लागतं, ‘देवळाला तिकीट कसलं?’ हा वाद तिथं रोज रंगतो. माकडांपासून प्रसादाची पिशवी सांभाळा. संकष्टीला आणि सुट्टीच्या दिवशी गर्दी असते, तेव्हा साधा वार बरा. वेळ असेल तर जुन्नरच्या पश्चिमेला तुळजा लेणी नक्की बघा. तिथलं चैत्यगृह चक्क गोल आहे, मधे स्तूप आणि त्याभोवती बारा अष्टकोनी खांब. असं लेणं देशात क्वचितच सापडतं, आणि बऱ्याचदा तिथं तुमच्याशिवाय कुणीही नसतं. मानमोडीला मात्र वाट विचारून, सोबत घेऊनच जा. तिथं आग्या मोहोळं असतात, त्यामुळे धूर, आरडाओरडा आणि उग्र अत्तर टाळलेलं बरं.