दिवाळ्याच्या खाडीत नवा कॅमेरा

बँकेतून निवृत्त होऊन चार वर्षे झाली, तेव्हा कुठे मनाजोगता कॅमेरा घेतला. कोटाच्या खिशात मावणारा, ३० पट ऑप्टिकल झूमचा. घरातील पहिला कॅमेरा वडिलांचा आग्फा क्लिक थ्री. एका फिल्मवर १२ छायाचित्रे, त्यामुळे कळ दाबण्यापूर्वी खर्चाचा विचार ठरलेला. नव्या कॅमेऱ्याची पारख करण्यासाठी फेब्रुवारीतील एका रविवारी, नवकारसी आटोपून, नातवासह बेलापूरजवळील दिवाळे गाठले.

दिवाळे हे जुने कोळीवाड्याचे गाव. जेटीवरील मासळीच्या वासाने आपल्यापैकी अनेकांची पावले अडखळतील; माझीही अडखळली. होडी मात्र आधीच ठरविली होती. तिवरांच्या कडेने बरेच पुढे गेल्यावर, ओहोटीने उघड्या पडलेल्या चिखलावर रोहित पक्ष्यांचा मोठा थवा चरताना दिसला. हिवाळ्यात हे पाहुणे ठाणे खाडीच्या परिसरात मोठ्या संख्येने उतरतात. खाडीचा एक भाग २०१५ मध्ये त्यांच्यासाठी अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला.

पहिली वीस छायाचित्रे वाया गेली. काळ्या चिखलाला उजळविण्याच्या नादात कॅमेऱ्याने पक्ष्यांची पिसे पांढरीफटक करून टाकली. एक्स्पोजर वजा बाजूला दोन खुणा सरकविले, तेव्हा गुलाबी छटा परतली. झूम ३० पटींच्या पुढेही जातो, पण तो डिजिटल. व्यापारी वाचकांना सांगायचे तर ऑप्टिकल झूम ही रोख जमा आणि डिजिटल झूम हा निव्वळ पुस्तकी नफा. चित्र मोठे दिसते, त्यात भर काहीच पडत नाही. इंजिनाच्या थरथरीने चित्र हलत होते, म्हणून ते बंद करावयास सांगितले.

नातवाला उडता थवा हवा होता. नाखवा म्हणाला, “शेठ, होडी थोडी पुढं घेतो, टाळी वाजवली की सगळे उठतील.” खरे सांगतो, माझे बोट कळेवरच होते आणि क्षणभर मी गप्प राहिलो. दिवसभर माना खाली घालून चिखलातून खाद्य गाळणारे ते जीव, एका चित्रासाठी त्यांचे चरणे मोडायचे? “नको, नाखवा, येथेच थांबू,” म्हणालो. नातू रुसला. आम्ही सुमारे पाऊण तास थांबलो. थवा काही उडाला नाही. ओहोटी वाढू लागली, होडीला पाणी पुरेना, तेव्हा नाखव्यानेच परतण्याची घाई केली.

घरी १४३ छायाचित्रांतून नऊ राखली. नातवाने निवडलेले दहावे आहे, जाळ्यावर हात ठेवून हसणाऱ्या नाखव्याचे. त्याची प्रत काढून ठेवली आहे. पुढच्या रविवारी दिवाळ्याला नेऊन द्यायची आहे.