म्हातारपणी घशाचा शेक: घ्यावा की नको?



मागील तिमाहीच्या हिशेबात ‘कर्करुग्णांचा शहरातील निवास व प्रवास’ असा खर्च आपण वाचला असेल. त्याविषयी काही मंडळ्यांतून विचारणा झाली. एका वडीलधाऱ्या सभासदांनी तर मोकळेपणाने विचारले, “सिस्टर, पंचाहत्तरीच्या माणसाला सहा-सहा आठवडे शहरात ठेवून शेक द्यायचा, त्यापेक्षा तोच पैसा लहान मुलांवर का खर्च करू नये?” प्रश्न रास्त आहे. देणाऱ्याला तो विचारण्याचा हक्कही आहे. म्हणून या अंकात घशाच्या, नेमके सांगायचे तर स्वरयंत्राच्या कर्करोगाविषयी लिहीत आहे.

आपल्या गळ्यात श्वासनलिकेच्या तोंडाशी स्वरयंत्र असते आणि त्यात दोन स्वरतंतू असतात. आपण बोलतो तेव्हा ते एकमेकांना नीट टेकतात व थरथरतात, त्यातून आवाज निघतो. या तंतूवर तांदळाच्या कणीएवढी गाठ आली, तरी दोन कडा नीट जुळत नाहीत आणि आवाज घोगरा होतो. पोटातला किंवा फुप्फुसातला कर्करोग कित्येक महिने मुकाट वाढतो. स्वरतंतूवरचा मात्र लहान असतानाच बोलतो. शिवाय स्वरतंतूंमध्ये रसवाहिन्या फार थोड्या असतात, त्यामुळे सुरुवातीच्या अवस्थेत हा रोग मानेच्या गाठींत सहसा पसरत नाही. लवकर कळतो आणि बराच काळ एका जागी राहतो, म्हणूनच तो बरा होण्याची आशा मोठी असते.

अडचण अशी, की पाड्यावर बसलेल्या आवाजाकडे कोणी लक्ष देत नाही. थंडी बाधली, चुलीचा धूर लागला, रात्री शेतात रानडुकरे हाकलताना ओरडलो, असे म्हणून दिवस जातात. विडी ओढणाऱ्याला खोकला असतोच, असेही आपण धरून चालतो. पण या रोगाचे सर्वांत मोठे कारण विडी-सिगारेटच आहे आणि जोडीला दारू असेल तर धोका आणखी वाढतो. म्हणून आमच्या आरोग्यसेविकांना मी एकच नियम पाठ करायला लावला आहे: आवाज तीन आठवड्यांत सुटला नाही, तर त्या माणसाला कान-नाक-घसा डॉक्टरांकडे न्यायचे. डॉक्टर दुर्बिणीने स्वरतंतू पाहतात आणि शंका आली तर लहानसा तुकडा काढून तपासायला पाठवतात.

रोग सुरुवातीच्या अवस्थेत असला, तर दोन मार्ग असतात. पहिला, तोंडावाटे लेसरने गाठ काढणे. त्यासाठी पूर्ण भूल द्यावी लागते. दुसरा किरणोपचार, ज्याला आपले लोक ‘शेक’ किंवा ‘लाइट’ म्हणतात. दोन्ही चांगले आहेत. कोणाला कोणता, हे गाठीची जागा आणि रुग्णाची प्रकृती पाहून डॉक्टर ठरवतात. ज्यांचे हृदय किंवा फुप्फुस कमजोर आहे, ज्यांना भूल सोसणार नाही, अशा वयस्कर रुग्णांना किरणोपचार विशेष सोयीचा पडतो. त्यात कापाकापी नाही, भूल नाही आणि बहुधा रुग्णालयात भरतीही व्हावे लागत नाही.

शेक म्हणजे भाजणे नव्हे, हे प्रत्येक घरी समजावून सांगावे लागते. आधी रुग्णाच्या चेहऱ्याच्या व मानेच्या मापाचा जाळीदार प्लास्टिकचा साचा बनवतात, म्हणजे रोज मान त्याच स्थितीत राहते. मग रोज काही मिनिटे यंत्राखाली निजायचे. किरण दिसत नाहीत, टोचत नाहीत, चटका देत नाहीत. ते कर्कपेशींच्या आतल्या वाढीच्या यंत्रणेवर घाव घालतात. निरोगी पेशींनाही थोडी इजा होते, पण दोन मात्रांच्या मधल्या वेळात त्या पुष्कळशा सावरतात. कर्कपेशींना तसे सावरता येत नाही. म्हणून एकदम मोठी मात्रा न देता ती वाटून देतात. आठवड्यातून पाच दिवस, साधारण साडेपाच ते साडेसहा आठवडे, असा एक रूढ क्रम आहे. काही केंद्रांत रोजची मात्रा थोडी वाढवून तो आणखी कमी आठवड्यांत पूर्ण करतात. ज्यांना ये-जा जड जाते त्यांच्याविषयी डॉक्टरांना हे जरूर विचारावे.

गाठ फक्त स्वरतंतूवर असेल, तर अशा दहांपैकी सुमारे नऊ जणांचा रोग किरणोपचाराने आटोक्यात येतो आणि स्वरयंत्र शाबूत राहते. गाठ थोडी वर-खाली पसरली असेल, तर हे प्रमाण कमी होते. पण वय जास्त आहे एवढ्यावरून गुण कमी येतो, असे दिसलेले नाही. पंचाहत्तरीच्या, ऐंशीच्या रुग्णांनाही तो येतो. म्हणून डॉक्टर जन्मसालापेक्षा माणूस चालतो-फिरतो का, खातो-पितो का, रोज यंत्राखाली स्थिर निजू शकेल का, हे पाहतात.

त्रास होत नाही असे नाही. तिसऱ्या आठवड्यापासून घसा दुखू लागतो, गिळताना टोचते, मानेची कातडी काळवंडते, आवाज आधीपेक्षाही बसतो. घरची माणसे इथेच घाबरतात आणि “औषध उलटले” म्हणतात. उपचार संपल्यावर काही आठवड्यांत हे बहुतेक ओसरते व आवाज हळूहळू सुधारतो. तोवर भाकरी दुधात किंवा वरणात कुस्करून, मऊ भात, नागलीची पेज असे द्यावे. तिखट आणि दारू बंद. विडी तर कायमची सोडावी, कारण उपचार चालू असताना धूम्रपान केले तर त्रास वाढतो आणि गुण कमी येतो.

आता खर्चाकडे येते. उपचाराचा खर्च बहुतेक वेळा आपल्यावर पडत नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार आहेत. २०२४ पासून ७० वर्षे व त्यावरील सर्वांना, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान भारत योजनेचा लाभ मिळतो. कर्करुग्णाला रेल्वेच्या स्लीपर डब्यात पूर्ण, तर सोबत्याला ७५ टक्के सवलत आहे. ७५ वर्षे पूर्ण झालेल्यांना राज्यात एसटीचा प्रवास मोफत आहे. मुंबईत १९४१ पासून टाटा मेमोरियल रुग्णालय आहे आणि दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी बाहेरगावच्या कर्करुग्णांची सोय होते.

तरीही माणसे घरी परततात, कारण योजनेतून जे मिळत नाही त्यावर सगळे अडते. सोबत येणाऱ्या मुलाची सहा आठवड्यांची मजुरी बुडते. दोघांचे रोजचे जेवण, खोलीचे भाडे, कागदपत्रांसाठीच्या खेपा हे सगळे पदरचे. सातपुड्यातल्या पाड्यावरून रोज जाऊन-येऊन शेक घेणे शक्यच नाही. दोन वर्षांपूर्वी आमच्या भागातले एक आजोबा अकरा दिवस शेक घेऊन गावी आले. पाऊस पडला होता, पेरणी थांबवता येत नव्हती, हातातले पैसेही संपले होते. “पेरून जातो, ताई,” म्हणाले. ते पुन्हा गेले नाहीत. किरणोपचारात खंड पडला की उरलेल्या कर्कपेशी जोमाने वाढतात, त्यामुळे अर्धा शेक म्हणजे अर्धा गुण नव्हे. पुढे त्यांना श्वास घेता येईना. गळ्याला छिद्र करून नळी बसवावी लागली आणि त्यानंतर ते बोलू शकले नाहीत. पंचांच्या बैठकीत ज्यांचा शब्द चाले, ते हाताच्या खुणांनी पाणी मागू लागले.

त्यानंतर आम्ही हा निधी वेगळा काढला. चांगल्या शोमरोन्याने जखमा बांधल्या एवढेच आपण लक्षात ठेवतो. त्याने त्या माणसाला उतारशाळेत नेले आणि तिथल्या राहण्याचा खर्च आपल्या पदरचा दिला, हेही त्याच गोष्टीत आहे. आपली देणगी नेमके तेवढेच करते. ती यंत्र विकत घेत नाही. यंत्र आहेच. ती माणसाला त्याच्याजवळ शेवटच्या दिवसापर्यंत टिकवून धरते.

मुलांचा निधी यासाठी कमी केलेला नाही, तो पूर्वीइतकाच आहे. आणि पाड्यावर लहान मुले आजी-आजोबांच्याच अंगाखांद्यावर वाढतात. आईबाप ऊसतोडीला गेले की घर तेच राखतात, गोष्टी आणि गाणी तेच शिकवतात.

आपल्याला तीन विनंत्या. आपल्या मंडळीत कोणाचा आवाज तीन आठवडे बसलेला असेल, तर त्यांना तपासणीला न्या. उपचार घेतलेल्यांना पहिली दोन वर्षे तपासणी चुकवू देऊ नका, कारण रोग परतला तर बहुधा याच काळात परततो आणि वेळीच कळला तर शस्त्रक्रियेने बरा होऊ शकतो. तिसरी विनंती प्रार्थनेची. या महिन्यात आमच्या भागातल्या एक आजी शेक घेत आहेत, त्यांचे नऊ दिवस उरले आहेत. ते विनाखंड पार पडावेत आणि त्यांच्या सोबत राहिलेल्या सुनेला बळ मिळावे, म्हणून प्रभूजवळ मागा.